चौथं पत्र

झेस्ताफोनी. नोव्हेंबर. चूल पेटलेली.

त्सियालाबाई,
हे माझं चौथं पत्र.
आधीची तीन तुमच्यापर्यंत आली नाहीत,
ती चुलीनं वाचली
आणि चूल त्यावर काही बोलली नाही.

पहिल्यात मी लिहिलं होतं
की गाढव मारायची काही गरज नव्हती.
अठ्ठ्याऐंशीव्या पानावर ते गाढव मेलं
आणि अठ्ठ्याऐंशीव्या पानावरच
मी चष्मा पुसून कागद पुढे ओढला.
अजून एकशे चाळीस पानं बाकी,
आणि मी निकाल देऊन मोकळा!

मी, वारलाम,
एकतीस वर्षं सिग्नलच्या केबिनमधला माणूस.
गाडी आली की इंजिनाकडे सगळेच बघतात,
पोरंसोरं, रुळाकडेच्या म्हशीसुद्धा.
आमचं काम शेवटच्या डब्याकडे बघणं.
त्याच्या पाठीवरचा लाल दिवा दिसला
तरच वहीत लिहायचं: गाडी पूर्ण गेली.
त्याआधी लिहिलं
आणि मागे बोगद्यात दोन डबे सुटून राहिले असले
तर कुणाचं काय होईल
हे मला झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन.
पण पुस्तकाची नुसती शिट्टी ऐकली
आणि मी वही मिटली.

दुसऱ्या पत्रात सल्ले होते. नऊ. आकडे घालून.
सहावा बरोबर होता,
खिंडीतल्या रात्रगाडीची तुमची वेळ चुकलीय.
तेवढा एकच पाठवला असता तर चाललं असतं.
बाकीच्या आठांत
मी तुमचं पुस्तक स्वतःच लिहायला बसलो होतो,
वर तुमचीच शाई वापरून.

मग ते दुकानात झालं.
तुम्ही काउंटरमागे गोळ्या मोजत होतात,
रांगेत पाचजण, त्यात पाववाली मझेविनार,
जिच्या कानावर पडलेलं
संध्याकाळच्या आत पुलापलीकडे पोचतं.
मी मोठ्यानं विचारलं,
"तो दारुडा स्टेशनमास्तर म्हणजे तुमचे वडील ना?"
तुम्ही अठरापर्यंत आला होतात.
काही न बोलता सगळ्या गोळ्या परत ओतल्यात
आणि एकपासून पुन्हा मोजायला लागलात.
माझे पैसे परत देताना
नाणी एकेक करून माझ्या तळव्यावर ठेवलीत,
थरथरणाऱ्या म्हाताऱ्याच्या हातावर ठेवतात तशी.
हात माझा थरथरत नव्हता.
निदान तोवर नव्हता.

तिसरं पत्र माफीचं. तेही आगाऊच.
चार पानं, त्यात अर्धा गुडघा माझा,
अर्धी लामारा, जाऊन सहा वर्षं झालेली,
आणि शेवटी असं की तुम्ही मला क्षमा केल्याचं
दोन ओळींनी तरी कळवावं.
म्हणजे मी तुमच्या घरात चिखलाच्या बुटांनी शिरलो,
आणि वर म्हणालो, आता माझे पाय पुसा.
ते जाळताना जरा वेळ लागला. कागद जाड होता.

तर आता हे.
काल रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी
शेवटचं पान संपलं.
लाल दिवा पाहिला. गाडी पूर्ण गेली.
एकशे बाराव्या पानावर ती मुलगी
झोपलेल्या बापाचे बूट पुसते
आणि टोकं दाराकडे करून ठेवते,
तिथं मी उठलो आणि आमच्या दारापर्यंत जाऊन आलो.
का, ते ठाऊक नाही.
तिथं माझे बूट होते, टोकं भिंतीकडे.
ते कुणाचे वडील, कुणाची मुलगी, हे विचारायचं नाहीय.
गाढवाबद्दल अजून वाईट वाटतं,
पण ते तुम्हाला बदलायला सांगण्याजोगं नाही,
ते माझ्याकडेच राहू दे.

रात्रगाडी खिंडीत एक पस्तीसला असते.
वाटलं तर बदला.

उत्तर नको. पुढचं पुस्तक कधी, हे मी विचारणार नाही.
(विचारलंच म्हणा. खाडाखोड करत नाही,
माझ्याकडे हा एकच चांगला कागद उरलाय.)

गुडघ्याच्या गोळ्या संपत आल्यात.
सोमवारी दुकानात येईन.
गोळ्यांबद्दलच बोलेन.

वारलाम